चिनी स्वयंपाक आणि एक क्रियापद

सारा जन्म शाळेंत घालविलेल्या माणसानें स्वयंपाकघरासंबंधीं बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु आजची हकीकत जितकी चुलीची तितकीच व्याकरणाची आहे, आणि व्याकरण हा माझा जुना धंदा.

१९४५ सालीं न्यूयॉर्क येथें चिनी पाकक्रियेवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. लेखिकेचें नांव बूवेई यांग चाओ. बाई मूळच्या नानकिंगच्या. जन्म १८८९ चा. लहानपणीं ठरलेली सोयरीक त्यांनीं मोडली, जपानांत जाऊन वैद्यकाचें शिक्षण घेतलें आणि पेकिंगला परत येऊन रुग्णालय चालविलें. चांगल्या घरच्या मुलीनें चुलीपाशीं जाऊं नये, अशीच त्यांच्या घरची समजूत होती. परंतु जपानांतलें जेवण घशाखालीं उतरेना, तेव्हां पोटासाठीं त्यांनीं हातीं सुरी धरली. १९२१ सालीं त्यांचा विवाह युएन रेन चाओ या भाषापंडिताशीं झाला. बर्ट्रांड रसेल चीनमध्यें व्याख्यानें देण्यास गेले असतां त्यांचे दुभाषी म्हणून राहिले ते हेच गृहस्थ. पुढें ते बोलीभाषांच्या शोधार्थ प्रांतोप्रांतीं हिंडले, आणि त्या प्रवासांत बाईंनीं ठिकठिकाणचे पदार्थ गोळा केले.

महायुद्धाच्या काळांत हें कुटुंब अमेरिकेंत, हार्वर्ड विद्यापीठाच्या केंब्रिज गांवीं राहत होतें. चिनी माणसाशीं तो देश कसा वागला होता, हें येथें सांगितलें पाहिजे. १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांस तेथें प्रवेशबंदी झाली. ती उठली १९४३ सालीं, आणि तीही वर्षाकांठीं अवघ्या १०५ माणसांपुरती! चिनी खाणावळी मात्र शहरोशहरीं चालत होत्या. आपल्याकडे ज्याचे श्रम चालत त्याच्या हातचें पाणी चालत नसे. तेथें हातचें अन्न चाले, माणूस चालत नसे. अशा त्या देशांत मांस आणि साखर मोजून मिळण्याचे ते दिवस. थोडक्या मांसांत पुष्कळशी भाजी घालून सगळ्यांस कसें पुरवावें, हें चिनी गृहिणीस चांगलें ठाऊक होतें, आणि तेंच आतां अमेरिकन गृहिणीस सांगावयाचें होतें.

पण सांगावयाचें कोणत्या भाषेंत? बाईंचें इंग्रजी बेताचें. त्यांनीं चिनींत सांगावें, रुलान या कन्येनें त्याचें इंग्रजी करावें, आणि तें फार मिळमिळीत वाटून पतिराजांनीं त्यास पुन्हां चिनी वळण द्यावें, असा क्रम चालला. मायलेकींचे खटके उडाले; आईनें प्रस्तावनेंत ते लपविलेले नाहींत. पदार्थांचीं नांवें एक वेळ होतीं तशींच ठेवतां येतात, पण क्रियेचें काय करावें? चिनींत 'छाओ' असें क्रियापद आहे. जिन्नस बारीक चिरून घ्यावयाचे, कढई चांगली तापवावयाची, तेल थोडें, आंच प्रखर, आणि हात क्षणभरही न थांबवितां सारें वरखालीं करीत दोनचार मिनिटांत उतरवावयाचें, एवढा सारा अर्थ त्या एका शब्दांत. इंग्रजी 'फ्राय' मध्यें पदार्थ तेलांत पडून राहिला तरी चालतें. 'स्टर' मध्यें पळी फिरते, पण तळणें येत नाहीं. या कुटुंबानें दोन्हींची सांगड घालून 'स्टर-फ्राय' हा शब्द केला. आज तो इंग्रजी बोलणाऱ्या जगाच्या तोंडीं आहे. तो घडविणाऱ्या बाईंचें नांव फारच थोड्यांस माहीत असतें.

पुस्तकास हू शी या विद्वानांनीं प्रास्ताविक लिहिलें. पर्ल बक बाईंनीं तर लेखिकेस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळावें, असें लिहून टाकलें. मला स्वतःला त्यांतील अंड्यांची कृति विशेष आवडते. ती पतिराजांची, त्यांना तेवढीच नीट साधे. दोन अंडीं एकमेकांवर आपटलीं असतां फुटतें एकच, म्हणून सहावें फोडण्यास सातवें हाताशीं असावें, असें ते गंभीरपणें सांगतात. आणि सातवेंच आधीं फुटलें तर? तर तें वापरून सहावें ठेवून द्यावें!

आतां आपल्याकडे वळूं. 'परतणें' हा शब्द मराठींत पूर्वापार असल्यामुळें आपणांस नवा शब्द घडविण्याची गरजच पडली नाहीं. चिनी जेवण आपल्या शहरांत आलें तें पुस्तकांतून नव्हे, खाणावळींतून. मांचुरियन नांवाचा पदार्थ १९७५ सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लबांत नेल्सन वांग यांनीं प्रथम केला, असें सांगतात. आलें, लसूण व हिरवी मिरची हा आपलाच मसाला. त्यांत सोयाबीनचा सॉस आणि मक्याचें पीठ पडलें. मांचुरिया प्रांताशीं त्याचा नांवापलीकडे संबंध नाहीं.

परंतु शब्द आयता मिळाला म्हणूनच आपण फसलों, असें मला वाटतें. नानकिंगचे कवि युआन मे यांच्या १७९२ च्या पाकग्रंथांत आंचेचे दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत : एक योद्ध्याची, दुसरी विद्वानाची. परतावयाचें तें योद्ध्याच्या आंचेवर, मुरवावयाचें तें विद्वानाच्या. आपलें परतणें मात्र बहुधा विद्वानाच्या आंचेवर चालतें, आणि वर झाकण ठेवून वाफही आणली जाते.

आमच्या घरीं हेंच झालें. नातीच्या हट्टावरून एके रविवारीं चिनी भाजीचा बेत ठरला. कोबी, गाजर, फरसबी बारीक चिरलीं. सौभाग्यवतींनीं संवयीप्रमाणें गॅस बारीक करून झाकण ठेवलें, कोबीला पाणी सुटलें आणि भाजी मऊ झाली. पुढल्या रविवारीं मीं युआन मे यांचा आधार देऊन झाकण लपवून ठेवलें व आंच मोठी करविली. घरभर धूर झाला, सर्वांस ठसका लागला. भाजी मात्र हिरवीगार व कुरकुरीत उतरली. नात खूष झाली. तेवढ्यांत तिच्या आजीनें एक घांस घेतला, "अहो, ही कच्चीच राहिली कीं!" म्हणाली, आणि कढई पुन्हां बारीक आंचेवर चढविली.