डोंगरे कुटुंबातील गृहशिक्षण

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या घरात ती घडली त्या घराने मुलांच्या शिक्षणाचा सर्व भार स्वतःवर का घेतला, हा प्रश्न चरित्रकार बहुधा पहिल्या काही पानांतच आटोपता घेतात. त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे दक्षिण कन्नड भागातील कारकळ परिसरातले चित्पावन. विद्यार्थिदशेत ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात त्याच्या पत्नी वाराणसीबाई यांना संस्कृत शिकवीत. स्त्रीला संस्कृत येऊ शकते, हे अनंतशास्त्र्यांना प्रथम तेथे दिसले. गावी परतल्यावर त्यांनी पत्नीस शिकविण्याचा उद्योग आरंभिला. तो घरच्यांच्या विरोधापुढे टिकला नाही. तिच्या निधनानंतर तीर्थयात्रेत गोदावरीकाठी त्यांचा दुसरा विवाह झाला. वर ४४ वर्षांचा, वधू ९ वर्षांची. ही वधू म्हणजे लक्ष्मीबाई. ज्या रूढीने मुलीचे बालपण हिरावले तिच्याच द्वारे विद्या या घरात आली, हे सोयीचे नसले तरी नमूद केले पाहिजे.

लक्ष्मीबाईंच्या अध्ययनाचा बोभाटा झाला आणि शास्त्र्यांना उडुपीच्या धर्मपीठापुढे उत्तर द्यावे लागले. त्यांनी ग्रंथांतील आधार काढून आपला पक्ष मांडला. वेद वगळून अन्य संस्कृत वाङ्मय स्त्रियांनी शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असा तो पक्ष होता. म्हणजे त्यांचे बंड शास्त्राच्या चौकटीतले होते. पुढे पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी बिऱ्हाड थाटले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

येथे एका प्रचलित चित्राची तपासणी अवश्य आहे. रमाबाईंच्या १८८७ मधील इंग्रजी ग्रंथाला अमेरिकेतील डॉ. रेचेल बॉडली यांची प्रस्तावना आहे. तीत पहाटे अरण्यात पक्षी किलबिलत असताना आई मुलीस उठवून पाठ देते, असे मनोहर वर्णन आढळते. पण आईने शिकविण्यास आरंभ केला तो आठव्या वर्षी, असे रमाबाईच सांगतात. आणि अवघ्या सहा महिन्यांच्या असताना आपल्याला वेताच्या पेटीत घालून डोंगराखाली आणले, हेही त्याच सांगतात. तेव्हा पहाटेचा पाठ खरा मानला तरी त्याचे स्थळ गंगामूळ असू शकत नाही. ही शाळा यात्रेच्या वाटेवर, देवळांच्या ओवऱ्यांत आणि नदीच्या घाटांवर भरत होती. वडील वृद्ध झाले होते. म्हणून जी एके काळी विद्यार्थिनी होती तीच गुरू झाली. सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत हे अध्यापन चालले. पुढील अध्ययन आपले आपण करता यावे असे वळण आईने बुद्धीला लावले, ही रमाबाईंची साक्ष मला पाठांतराच्या कौतुकापेक्षा मोलाची वाटते.

भाषाभ्यासकास आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटेल. संस्कृत या मुलांना व्याकरणासह रीतसर मिळाली. मराठी मात्र कोणी शिकविली नाही. ती आईवडिलांच्या बोलण्यातून आणि वाचनातून आली. कानडी, हिंदुस्थानी या प्रवासात ऐकून आल्या. १८८२ च्या ‘स्त्रीधर्मनीति’तील संस्कृतप्रचुर मराठी गद्याचे एक कारण या विषम शिक्षणात शोधता येईल.

या शिक्षणाची उणीव १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात उघडी पडली. पुराणकथनावर मिळणारी दक्षिणा आटली. भीक मागणे अभिमानास मानवेना आणि पोटापुरता दुसरा उद्योग कोणी शिकलेला नव्हता. आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. जगाच्या संसर्गापासून मुलांना अलिप्त ठेवण्याचा शास्त्र्यांचा आग्रह या अनर्थास काही अंशी तरी कारण झाला, असे म्हणणे भाग आहे.

उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास व रमाबाई, पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन ‘सरस्वती’ ही पदवी दिली. त्याच नगरीत केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली. स्त्रियांना वेदाधिकार नाही, असे रमाबाईंनी प्रथम सांगितले. वडिलांनी उडुपीस राखलेली मर्यादा ती हीच. नंतर त्यांनी वेद वाचावयास घेतला.