दोन खेळांचा माणूस

'प्रोफेशनल खेळाडू' याला मराठीत काय म्हणावे? 'व्यावसायिक' म्हटले की डॉक्टर-वकील डोळ्यांपुढे येतात, 'धंदेवाईक' म्हटले की शिवी दिल्यासारखे वाटते. एका अनुवादात या शब्दापाशी अडले, तेव्हा पाय मोकळे करायला टी. नगरच्या सोमसुंदरम मैदानावर गेले. टेनिस बॉलचे चार-पाच सामने एकमेकांत घुसून चालले होते. हॉकीची काठी एकही नव्हती. तिथेच एम. जे. गोपालन आठवले.

ते या पेठेचे नव्हेत. चिंगलपेटकडच्या मोरप्पाक्कमहून त्यांचे घर ट्रिप्लिकेनला, म्हणजे चेपॉकच्या कुशीत आले. मांबलमच्या शिवारात टी. नगर आखले जात होते, त्याच सुमारास या पोराच्या वेगवान गोलंदाजीवर सी. पी. जॉनस्टन या इंग्रज क्रिकेटपटूची नजर पडली. त्याने गोपालनना बर्मा शेलमध्ये नोकरी मिळवून दिली. पगार तेलकंपनीचा, नाव मैदानावरचे. हौशी की धंदेवाईक, ठरवा आता!

४ नोव्हेंबर १९३४ रोजी चेपॉकवर म्हैसूरविरुद्ध रणजी स्पर्धेतला पहिलावहिला चेंडू त्यांनीच टाकला. त्याच वर्षाच्या आरंभी कलकत्त्याला ते कसोटी खेळले होते. ती एकच. १९३५ मध्ये मात्र ते ध्यानचंद यांच्या हॉकी संघातून न्यूझीलंडला गेले. त्या दौऱ्यात भारताने पाचशेहून अधिक गोल केले.

मग आले १९३६. एकीकडे बर्लिन ऑलिंपिक, दुसरीकडे क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा. गोपालन यांनी क्रिकेट निवडले. इंग्लंडमध्ये त्यांना एकाही कसोटीत घेतले नाही. कर्णधार विजयानगरमचे महाराजकुमार. संघ भांडणांनी पोखरलेला. लाला अमरनाथना तर मध्येच घरी धाडले. १५ ऑगस्टला बर्लिनमध्ये भारताने जर्मनीला ८–१ हरवून सुवर्णपदक घेतले, तेव्हा गोपालन इंग्लंडात होते.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे हळहळतात. मला ते पटत नाही. ज्या खेळाने घर चालवले त्याला ऐन वेळी पाठ कशी दाखवायची, असा विचार त्यांच्या मनात आला असेल, हा माझा तर्क. त्याच दौऱ्यात मद्रासचेच कोटा रामस्वामी होते: केंब्रिजला शिकलेले, १९२२ मध्ये डेव्हिस कप खेळलेले. चाळिशीत पहिली कसोटी खेळून मँचेस्टरला त्यांनी ४० आणि ६० धावा केल्या. त्यांना दोन खेळ म्हणजे दोन छंद परवडत होते. गोपालनना एका वेळी एकच परवडणार होता.

हॉकीवर पोट भरणारा माणूस पाहायचा तर आपल्या खडकीला जावे लागते. दारूगोळा कारखान्यातल्या मैदानाची देखभाल करणाऱ्या तमिळ माणसाचा मुलगा धनराज पिल्ले पुढे जर्मनी, फ्रान्स, मलेशियातल्या क्लबांकडून खेळला. तोवर ऑलिंपिकचे सुवर्ण दुर्मीळ झाले होते.

गोपालन २००३ च्या डिसेंबरात चेन्नईत वारले. नोंदीप्रमाणे ९४ वर्षांचे. स्वतः ते वय याहून जास्त सांगत. मद्रास-सिलोन सामन्यांच्या करंडकाला त्यांचे नाव होते, तेही क्रिकेटच्या.

अनुवादात मी शेवटी 'पगारी खेळाडू' असे लिहिले. संपादकांनी अजून कळवलेले नाही.