गोधडीची भिंत आणि कंटेनरचे घर

घर बांधताना वारा कुठून येईल, पाऊस कुठून शिरेल, हे कोकणातला माणूस नेमके सांगतो. ऊब कुठून निसटेल, हा प्रश्न मात्र त्याला सहसा पडत नाही. गोव्याच्या मुरगाव बंदरातून ६ डिसेंबर १९८१ रोजी पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम निघाली आणि दोनच वर्षांनी तिथे बारमाही मुक्कामाचे घर उभारायची वेळ आली, तेव्हा तो प्रश्न आपल्यालाही सोडवावा लागला. तो तोवर जवळजवळ शतकभर जुना झालेला होता.

अंटार्क्टिकात झाड नाही, वीट भाजायला माती नाही, चुलीत घालायला काटकी नाही. घर सुट्या भागांत जहाजातून न्यायचे, उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत जोडायचे आणि वर्षभराचे इंधनही त्याच जहाजातून न्यायचे. तिथल्या उबेची किंमत रुपयांत किंवा पौंडांत मोजण्याआधी जहाजाच्या तळघरात मोजावी लागते.

त्या भूमीवरची पहिली घरे १८९९ साली केप अडेअर येथे उभी राहिली. बोर्कग्रेविंकच्या मोहिमेने ती नॉर्वेहून आणली होती. एकमेकांत अडकणाऱ्या पाइनच्या फळ्यांच्या त्या छोट्याशा घरात दहा माणसांनी हिवाळा काढला. थंडी नॉर्वेच्या सुतारांना ठाऊक होती.

तीनच वर्षांनी, १९०२ साली, कॅप्टन स्कॉटच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेने ऑस्ट्रेलियातून तयार घर आणले. ते तिथल्या उष्ण मुलखातल्या घरांच्या धर्तीचे होते आणि त्याला तीन बाजूंनी चक्क ओसरी होती. कडक उन्हापासून भिंती वाचवायची युक्ती बर्फात जाऊन उभी राहिली! ते घर तापेचना. माणसे बर्फात अडकलेल्या जहाजावरच राहिली आणि घराचे कोठार झाले. पुढे १९१६ च्या सुमारास शॅकलटनच्या रॉस समुद्राकडच्या तुकडीतली माणसे तिथे अडकली, तेव्हा त्यांनी चुलीत सीलची चरबी जाळून दिवस काढले. त्या चरबीची काजळी आजही भिंतींवर आहे. जळण फुकटचे असले तरी घर गळके असेल तर हाती काजळीच उरते, असे मला तरी त्या काजळीकडे पाहून वाटते.

शॅकलटन त्या पहिल्या मोहिमेत होताच. १९०८ साली केप रॉइड्सला त्याने स्वतःचे घर नेले, तेव्हा भिंतीत बुचाचा भुगा भरला. १९११ चे स्कॉटचे केप इव्हान्सचे घर मला त्याहून आवडते. त्याच्या दुहेरी फळ्यांच्या भिंतींत वाळलेले समुद्रशेवाळ गोणपाटात भरून शिवले होते. म्हणजे भिंतीला घातलेली गोधडीच! गोधडी स्वतः गरम नसते. तिच्या थरांत कोंडलेली हवा उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. शेवाळाचे कामही तेच. एका बाजूला तट्टांचा तबेला बांधला होता, त्याचाही आडोसा झाला. पंचवीस माणसांच्या त्या घरात कोळशाची शेगडी पुरली.

‘दक्षिण गंगोत्री’ हे आपले पहिले घर १९८३-८४ मध्ये, डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालच्या तिसऱ्या मोहिमेत, लष्कराच्या मदतीने सुमारे आठ आठवड्यांत उभे राहिले. लाकडाच्या तयार भागांच्या या घरात जनित्रे, इंधन आणि कार्यशाळा एका खंडात, प्रयोगशाळा वगैरे दुसऱ्यात अशी विभागणी होती. पाण्यासाठी बर्फ वितळवावा लागे. हा खर्च सहज ध्यानात येत नाही. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापते. शिवाय हे घर समुद्रावर पसरलेल्या हिमफळीवर होते. दरवर्षी साचणाऱ्या बर्फात ते गाडले जाऊ लागले. बर्फ ऊब राखतो, पण भारही देतो. १९९० मध्ये ते सोडावे लागले.

तोवर शिर्माकर टेकड्यांच्या उघड्या खडकावर ‘मैत्री’ उभी राहिली होती. तिला खांबांवर चढवल्याने वारा खालून बर्फ वाहून नेतो. शेजारीच प्रियदर्शिनी तळे आहे. वरचा थर गोठला तरी खाली पाणी राहते. जागेच्या या निवडीने किती इंधन वाचले असेल, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

लार्समन टेकड्यांवरचे तिसरे घर, ‘भारती’, १८ मार्च २०१२ रोजी सुरू झाले. हॅम्बुर्गच्या बोफ वास्तुविशारदांनी १३४ मालवाहू कंटेनर जोडून ते रचले. ज्या पेट्यांतून सामान न्यायचे त्यांचेच घर झाले. त्यांच्याभोवती उष्णतारोधक धातूचे कवच चढले. खरी काटकसर मात्र इंजिनात आहे. जुन्या एसटीत चालकाशेजारच्या बॉनेटवर बसून घाट चढलेल्यांना ती लगेच कळेल. इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा चाकापर्यंत किंवा विजेपर्यंत पोचतच नाही. पाण्यातून आणि धुरातून ती उष्णता होऊन निघून जाते. वीज तर लागणारच, मग इंजिन फिरणारच. ‘भारती’त ही वाया जाणारी उष्णता पकडून खोल्या तापवण्यासाठी वापरतात. जेवढे वीजनिर्मितीला जाळायचे, तेवढ्यातच शेगडीचे काम होते. अर्थात केप इव्हान्सची अट इथेही लागू आहे: भिंत गोधडीसारखी हवी, नाहीतर ही फुकटची ऊब कवचातून बाहेर जायची.

वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राकडे आज या घरांचा कारभार आहे. ‘मैत्री’ आता जुनी झाली असून ‘मैत्री-२’ची तयारी चालू आहे. सूर्य आणि वारा यांवर तिचा भार टाकण्याचा विचार बोलला जातो. शिर्माकरला ऐन हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही, आणि ऊब सर्वांत जास्त लागते ती तेव्हाच. वारा मात्र त्या काळोखातही वाहतच असतो.