कंबरेची शस्त्रक्रिया : गुण किती येईल?

सोयाबीनचा जिल्हा असलेल्या वाशीममध्ये सोंगणी अजूनही मोठ्या प्रमाणावर विळ्याने, वाकूनच होते. त्यामुळे मणक्याची शस्त्रक्रिया करावयाच्या शेतमजुरापुढे, पुन्हा शेतात उतरता येईल काय, हाच खरा प्रश्न असतो.

त्याचे उत्तर एकट्या एमआरआयमध्ये सापडत नाही. कंबर न दुखणाऱ्या अनेकांच्या तपासणीतही सरकलेली चकती दिसते. कंबरेपेक्षा पायात उतरणारी कळ अधिक असल्यास गुण येण्याची शक्यता वाढते. दुखणे सहा महिन्यांहून जुने असल्यास ती घटते. मधुमेह आणि नैराश्य हेही अडथळेच. मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत धूम्रपानामुळे हाड जुळण्यास विलंब लागतो. त्यातील निकोटीन विदर्भाच्या लाडक्या खर्ऱ्यातही असते!

शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची स्थिती मोजण्यासाठी १९८० साली प्रसिद्ध झालेली ‘ऑस्वेस्ट्री’ प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात १० विभाग असून प्रत्येकास ० ते ५ गुण असतात. बेरीज जितकी जास्त, तितकी असमर्थता अधिक. तिच्या मराठी रूपाची विश्वासार्हता तपासणारा अभ्यास २०१३ मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बसणे, चालणे, ओझे उचलणे, झोप, प्रवास या साऱ्यांची त्यात विचारणा आहे. वाकण्याविषयी मात्र स्वतंत्र विभाग नाही. ते डॉक्टरांना रुग्णानेच सांगावे लागते.