टायरचे सूत ते सोर्स कोड : परक्याचे गुपित आणि आपला कायदा

१/ परदेशी कंपनीचे सॉफ्टवेअर पुण्यात वा बंगळुरूत लिहिले जाते. ते नेमके कोणाचे? लिहिणारा उद्या नोकरी सोडून गेला, तर सोबत काय नेऊ शकतो? हा प्रश्न संगणकयुगाचा वाटतो. प्रत्यक्षात तो कल्याणच्या एका कारखान्यात फार आधी उभा राहिला होता.

२/ १९६१ साली कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनने टायर-कॉर्डचे सूत बनवण्याचे तंत्र नेदरलँड्समधील एकेयू आणि तिच्या पश्चिम जर्मनीतील सहयोगी कंपनीकडून घेतले. अट अशी होती, की हे ज्ञान गुप्त राखावे आणि कर्मचाऱ्यांकडूनही तसे बंधन लिहून घ्यावे.

३/ १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर रुजू झालेला एक शिफ्ट सुपरवायझर प्रशिक्षण घेऊन सुमारे दीड वर्षाने कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९६७ चा निकाल असा : कराराची मुदत संपेपर्यंत, म्हणजे १५ मार्च १९६८ पर्यंत, त्याला तसले काम अन्यत्र करता येणार नाही.

४/ या निकालात मुदत महत्त्वाची आहे. १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम २७ सांगते, की कोणाच्या कायदेशीर व्यवसायाला वा धंद्याला मज्जाव करणारा करार त्या मर्यादेपुरता शून्य होय. म्हणून नोकरी संपल्यावर ‘प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये’ ही अट आपल्याकडे सहसा टिकत नाही. गुप्ततेची अट मात्र टिकू शकते. माणसाचे कौशल्य त्याचे. मालकाचे गुपित मालकाचे.

५/ आता सॉफ्टवेअरकडे वळू. आरंभीच्या काळात भारतीय प्रोग्रॅमर ग्राहकाच्या देशी जाऊन काम करीत. कोड तिथेच राही. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत स्वतःचे केंद्र काढले आणि उपग्रहाने ते मुख्यालयाशी जोडले. माणसे इथली, पण नोकर कंपनीचेच. पुढे काम तिसऱ्याच कंपनीकडे सोपवले जाऊ लागले, तेव्हा मालकीचा प्रश्न अवघड झाला.

६/ १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’ ठरले. कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास, नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा प्रथम मालक त्याचा मालक. मात्र बाहेरच्या संस्थेकडून लिहून घेतलेला कोड केवळ पैसे मोजले म्हणून ग्राहकाचा होत नाही. त्यासाठी लेखी आणि सही केलेले हस्तांतर लागते.

७/ खरी मेख कलम १९ मध्ये आहे. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर हक्क भारतापुरताच मानला जातो. दोन शब्द राहून गेले, की जगभर विकायच्या सॉफ्टवेअरचा हक्क हाती आलाच नाही असे होऊ शकते.

८/ २००२ साली दुसरी उणीव उघडी पडली. अमेरिकेतील सॉलिडवर्क्सचे काम मुंबईच्या जिओमेट्रिक सॉफ्टवेअरकडे होते. तेथील एका माजी कर्मचाऱ्याला सोर्स कोड विकण्याच्या प्रयत्नाच्या आरोपावरून सीबीआयने एफबीआयच्या साहाय्याने दिल्लीत पकडले. कोडची मालक कंपनी परदेशी, आणि व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदाच नव्हता.

९/ २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६५ सोर्स कोड लपवणे, नष्ट करणे वा बदलणे यांविषयी होते, तेही जो कोड कायद्याने जपून ठेवणे बंधनकारक आहे त्यापुरते. ‘चोरी’ हा शब्द त्यात नव्हता. तो २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३ मध्ये आला. कलम ६६ नुसार, अप्रामाणिक हेतू असल्यास, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

१०/ मार्च २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८९ व्या अहवालात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायद्याची शिफारस केली. कल्याणच्या प्रकरणाला तेव्हा सहा दशके होत आली होती. इतका काळ परक्याचे गुपित राखले ते मुख्यतः करारातल्या शब्दांनी. आणि जिथे ते शब्द अपुरे पडले, तिथे कायदा बहुधा काम करणाऱ्याच्या बाजूला झुकला. सही करण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी हे ध्यानात ठेवावे.