दांतवण आणि दंतजंतु

मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेली खडकी पुढें औरंगाबाद झाली आणि २०२३ पासून ती छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखली जाते. या नगरींत मुखशुद्धीच्या दोन परंपरा शेजारीं शेजारीं नांदल्या. एका घरीं कडुनिंबाची वा बाभळीची काडी चावली जाई, तर दुसऱ्या घरीं पीलूची, म्हणजे मिस्वाकची. एकीचें मूळ आयुर्वेदांत, दुसरीचें अरबस्तानांतील आचारांत. अनुभव मात्र दोहींचा एकच.

सुश्रुतसंहितेनें दांतवण बारा अंगुळें लांब असावें असें सांगितलें आणि कडू वृक्षांत निंब, तुरटांत खैर, तिखटांत करंज व गोडांत मोह श्रेष्ठ ठरविला. ही निवड झाली तेव्हां जंतु कोणीं पाहिले नव्हते. १६८३ सालीं हॉलंडमधील लेव्हेनहूकनें दांतांवरील कीट सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें, तों त्यांत असंख्य जीव वळवळतांना दिसले. १८९० सालीं मिलरनें दाखविलें कीं, हे जंतु अन्नांतील साखरेचें आम्ल करतात आणि तें आम्ल दांत झिजवितें. १९२४ सालीं क्लार्कनें किडलेल्या दांतांतून ‘स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स’ हा जंतु वेगळा काढला. साखरेपासून चिकट द्रव्य बनवून दांताला बिलगणें ही त्याची खोड.

इकडे १९४२ सालीं सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनीं निंबाच्या तेलांतून ‘निंबिन’ हें द्रव्य शुद्ध स्वरूपांत काढलें. १९९६ सालीं अमेरिकेंत निंबाच्या काडीचा अर्क तपासला गेला, तेव्हां जंतूंचें तें चिकट द्रव्य कमी बनतें असें दिसलें. परंतु हा प्रयोग नळींतला. तोंडांत लाळ अर्क धुऊन नेते, आणि थरांत दडलेले जंतु सहजीं हातीं लागत नाहींत. शिवाय कुंचल्यासारखी चावलेली काडी नुसत्या घर्षणानेंही कीट काढते. तेव्हां सारें श्रेय रसाला देतां येत नाहीं.

वनस्पति म्हटली कीं निरुपद्रवी, हा समज आपल्या दक्षिणेला फार महागांत पडला. १६०४ च्या सुमारास असद बेगानें विजापुराहून अकबराच्या दरबारीं तंबाखू नेली. तीच तंबाखू भाजून, मिशेरी म्हणून, महाराष्ट्रांतील स्त्रिया पिढ्यानपिढ्या दांतांना चोळीत आल्या. दुखणें घटकाभर बधिर होतें, म्हणून ती औषध वाटली. प्रत्यक्षांत ती व्यसन लावते आणि मुखाच्या कर्करोगास कारण होते. १९९२ सालीं सरकारनें दंतमंजनांत तंबाखू घालण्यास बंदी केली. घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिशेरीला मात्र कायदा पोंचत नाहीं.

निंबाची काडी आणि मिशेरी, दोन्ही परंपरेनेंच हातीं आल्या. त्यांतला भेद परीक्षेनें कळला. म्हणून निंबाची काडी खुशाल वापरावी, पण हिरडींतून रक्त येत असेल किंवा तोंडांतील व्रण पंधरा दिवसांत भरत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां दंतवैद्यांस दाखवावें. आणि घरांत कोणी मिशेरी लावीत असेल, तर ती सोडविण्याचा प्रयत्न आजपासूनच सुरू करावा.