दहा उघड्या गाड्या

मोटार जुनी झाली की तिची किंमत उतरते, हा आपल्या ओळखीचा नियम. संग्राहकांच्या दुनियेत मात्र तो उलटा फिरतो. तिथे गाडी पाहायला आलेला धनिक आधी वाकून तो लहानसा मीटर पाहतो, ती आजवर किती मैल धावली हे सांगणारा. आकडा जितका लहान, तितके मोल अधिक! जी वस्तू पळण्यासाठी जन्माला आली, तिची प्रतिष्ठा ती पळाली नाही यावरून ठरावी, याची मला नेहमीच मौज वाटत आली आहे.

या दुनियेत फेरारी कंपनीच्या ‘नार्ट स्पायडर’चे नाव कानाची पाळी धरून घ्यावे असे. स्पायडर म्हणजे दोन माणसांची, छप्पर मागे पाडता येणारी उघडी गाडी. इटलीतल्या मोदेना गावी १९६७-६८ च्या सुमारास अशा सगळ्या मिळून दहाच घडल्या. पण त्यांची हकीगत सांगायची तर आधी लुइजी किनेत्तीची सांगितली पाहिजे.

हा १९०१ साली जन्मलेला इटालियन मूळचा कारागीर. यंत्र उघडून पुन्हा जोडण्यात हयात गेलेला. पुढे तो शर्यतीत उतरला. फ्रान्समध्ये ल मां येथे अहोरात्र चोवीस तास चालणारी शर्यत असते. त्या काळी दोन चालकांनी पाळीपाळीने गाडी हाकायची. १९३२ साली किनेत्ती ऐन वेळी आजारी, म्हणून त्याच्या जोडीदाराने, रेमों सोमेरने, वीस तासांहून अधिक वेळ एकट्याने गाडी चालवली आणि दोघे जिंकले. १९३४ साली तो पुन्हा जिंकला. १९४९ मध्ये दैवाने जुना हिशेब चुकता केला. या खेपेस आजारी पडला तो जोडीदार, लॉर्ड सेल्सडन; आणि पन्नाशीला टेकलेला किनेत्ती बावीस तासांहून अधिक काळ चक्र धरून बसला. ल मां येथे फेरारीचा पहिला विजय तो हाच.

हाच माणूस १९४६ च्या नाताळात एन्झो फेरारीकडे गेला होता. फेरारीच्या कारखान्यात तेव्हा यंत्रसामग्री बनत असे. तू गाड्या बनव, अमेरिकेत मी खपवतो, असे त्याने सांगितले व खरे करून दाखवले. शर्यतींसाठी त्याने अमेरिकेत स्वतःचा संघ उभारला, नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम. तिची आद्याक्षरे जुळवून ‘नार्ट’. १९६५ साली या संघाने ल मां जिंकली. त्यानंतर फेरारीला तिथे पुन्हा पहिले यायला २०२३ साल उजाडावे लागले!

१९६६ मध्ये फेरारीने २७५ जीटीबी/४ ही बंद छपराची गाडी आणली. बारा सिलिंडरांचे इंजिन, सहा कार्ब्युरेटर, तीनशे अश्वशक्ती. किनेत्तीला हीच गाडी उघडी हवी होती. अमेरिकेतले आपले गिऱ्हाईक त्याला ठाऊक होते. त्याच्या आग्रहाखातर सर्जियो स्काल्येत्तीच्या कारागिरांनी ती घडवायला घेतली. बेत होता पंचवीस गाड्यांचा. किंमत सुमारे चौदा हजार डॉलर, आणि गिऱ्हाइकांचा उत्साह बेताचाच. दहावर काम थांबले. आज ज्या दुर्मिळपणाचे गोडवे गातात, तो असा न खपल्यामुळे जन्मलेला आहे.

त्यातली पहिली गाडी काही दिवाणखान्यात गेली नाही. १९६७ च्या एप्रिलमध्ये डेनीस मक्लगेज आणि पिंकी रोलो या दोन स्त्रियांनी ती फ्लॉरिडातील सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत उतरवली व एकंदरीत सतरावा क्रमांक पटकावला. (मक्लगेज ही पत्रकार, शर्यत लिहायची आणि करायचीही!) पुढे तीच गाडी रंग बदलून १९६८ च्या ‘द थॉमस क्राउन अफेअर’ या चित्रपटात झळकली. चित्रपटाचा नायक स्टीव्ह मॅक्वीन याने स्वतःसाठीही दहांपैकी एक घेतली.

न हाकता जपलेल्या गाडीचे काय होते, हेही ऐकण्यासारखे आहे. रबरी नळ्या कडक होऊन तडकतात, तेल अडवणारी वेष्टणे सुकतात, कार्ब्युरेटरांत पेट्रोलचा चिकटा बसतो, एका जागी उभी राहून टायर खालून चपटे होतात. फडताळातली चांदीची भांडी निदान दिवाळीला घासून पुन्हा लखलखतात. गाडीला तेवढ्याने भागत नाही. मग कमी मैलांच्या गाडीचा धनी मोठी रक्कम मोजून हे सारे बदलतो आणि मीटरचा आकडा वाढू नये म्हणून ती पुन्हा झाकून ठेवतो.

ऑगस्ट २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे दहांपैकी एक गाडी लिलावात निघाली. ती दोन कोटी पंचाहत्तर लाख डॉलरला विकली गेली. १९६८ पासून ती एकाच घरात होती आणि घरधन्याने ती हौसेने हाकली होती. त्याच्या मागे कुटुंबाने ती विकली व आलेला पैसा धर्मादाय कामांना दिला.